पन्हाळ्याच्या चढावर ऊन का लागतं, आणि पाणी नेमकं किती प्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, वजन ७६ किलो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सव्वाआठला कोल्हापुरातून सायकलने पन्हाळ्याला निघालात. पोटात फक्त चहा. वाघबीळपर्यंत ७५० मिलीच्या दोन बाटल्या साधं पाणी संपवलं, तिथं दोन मोठे ग्लास उसाचा रस घेतला आणि चढाला लागलात. वरच्या वळणांवर डोकं ठणकू लागलं, मळमळलं, भर उन्हात हातावर काटा आला, मग उलटी झाली. उतरून उभं राहताच डोळ्यांपुढं अंधारी आली, पण भान आणि बोलणं शाबूत होतं. सोबत्यांनी लिटरभर पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत डोकं दुखत राहिलं, लघवीही गडद पिवळी होती. एवढं पाणी पिऊनही हे कसं झालं, तासाला किती पाणी प्यावं, रोज ओआरएस घ्यावं का, आणि सोबत्यांनी काय करायला हवं होतं, हे तुम्ही विचारलंय.

वर्णनावरून हा उष्णतेमुळे आलेला थकवा वाटतो. आपण सरसकट ‘ऊन लागलं’ म्हणतो त्यातली ही मधली पायरी. पुढची पायरी उष्माघाताची, आणि त्यात जीव जाऊ शकतो. पाण्याची तूट हे मात्र तुमच्या त्रासाचं मुख्य कारण दिसत नाही. तुमच्या शरीरात उष्णता फार तयार झाली आणि ती बाहेर न्यायला वारा उरला नाही. हा फरक आधी समजून घ्या, कारण उन्हाळ्यातल्या सायकलिंगला ‘भरपूर पाणी प्या’ एवढा एकच उपाय सांगितला जातो आणि त्या भरवशावर माणसं चढावर जोर लावत राहतात.

स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम २० ते २५ टक्के भाग पायडलपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता होते. ७६ किलोचा माणूस १३ किलोच्या सायकलवर ६ टक्क्यांचा चढ ताशी साडेनऊ किलोमीटरने चढत असेल तर त्याला साधारण १५० वॅट शक्ती लागते. म्हणजे शरीरात ५०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाचपट. ही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर दर आठ-नऊ मिनिटांना शरीराचं तापमान १ अंशाने वाढेल. अर्थात ती जात असते, आणि हवा त्वचेइतकी तापली की जायचा मुख्य मार्ग एकच राहतो: घाम वाळणं. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वरचा हिशेब फक्त घामावर भागवायचा तर तासाला पाऊण लिटर घाम अंगावरच वाळायला हवा. हनुवटीवरून ठिबकून हँडलवर पडलेला घाम या हिशेबात येत नाही. त्यात पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग गार झालं नाही. माठाला वारा लागला नाही तर बाहेरून कितीही पाझरला तरी पाणी गार होत नाही, तसंच हे.

आता रस्ता पाहा. शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत ताशी २२-२५ किलोमीटरचा वेग असतो, अंगावर सतत वारा असतो, घाम आला की वाळतो. म्हणून त्या टप्प्यात ऊन जाणवतच नाही. वाघबिळाच्या पुढं वेग ताशी ८-१० वर येतो, वारा पडतो आणि नेमक्या त्याच वेळी पायांतून सर्वांत जास्त शक्ती मागितली जाते. त्यात वारा पाठीमागून आणि आपल्याच वेगाचा असेल तर अंगावर हवा लागतच नाही. डांबर आणि बाजूचा कातळ तापलेला असतो तो वेगळाच. गडावर पायथ्यापेक्षा हवा थोडी गार असते हे खरं, पण ४०० मीटर उंचीला फरक फार तर तीन-चार अंशांचा, आणि तिथं पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

कोल्हापूरचा पारा चाळिशी क्वचित गाठतो. त्यामुळे ‘आपलं ऊन काही विदर्भासारखं नाही’ असा एक निर्धास्तपणा इथं दिसतो. घरी बसलेल्या माणसापुरतं ते ठीक आहे. चढ चढणाऱ्याची निम्म्याहून जास्त उष्णता आतूनच आलेली असते. त्याला ३४ अंशही पुरतात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी हवा गार वाटते, पण दमट असते. घाम वाळत नाही. अशा सकाळी ३४ अंश हे कोरड्या दिवसाच्या ३८ पेक्षा सायकलवाल्याला वाईट ठरू शकतात.

शरीराच्या आत या वेळी रक्ताची ओढाताण चालू असते. पायांच्या स्नायूंना रक्त हवं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही हवं असतं. घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं, दर ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त घटतं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. वेग तोच, चढ तोच, आणि नाडी मात्र अर्ध्या तासात १४० वरून १५५ वर गेलेली दिसते. ही पहिली खूण, तीही त्रास सुरू व्हायच्या आधीची. या ओढाताणीत पोटाचा रक्तपुरवठा सर्वांत आधी कापला जातो; मळमळ त्यातूनच सुरू होते. भर उन्हात अंगावर काटा येणं किंवा थंडी वाजल्यासारखं वाटणं ही मात्र थांबायचीच खूण समजा. तिथून पुढं ‘अजून दोनच वळणं आहेत’ हा हिशेब करायचा नाही.

उतरून उभं राहताच अंधारी आली, त्याचंही कारण सरळ आहे. पाय फिरत असतात तोवर पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबून उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं. अशा वेळी उभं न राहता आडवं व्हायचं.

पोटाचं गणित

कोल्हापूर ते वाघबीळ या पाऊण-एक तासात तुम्ही दीड लिटर पाणी आणि वर अर्धा लिटरच्या आसपास रस घेतलात. सायकल चालवताना बहुतेकांचं पोट तासाला ६०० ते ८०० मिली पाणी सुखाने पुढं ढकलतं. लिटरच्या वर फार थोड्यांना जमतं. राहिलेलं पाणी पोटात डुचमळत राहतं. त्यात उसाच्या रसात १०० मिलीला साधारण १३ ते १५ ग्रॅम साखर असते. पेयात ८ टक्क्यांपेक्षा जास्त साखर झाली की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो. पोट भरलेलं, त्याचं रक्त कापलेलं आणि समोर चढ, म्हणजे उलटी ठरलेलीच. उलटीत पाणी बाहेर गेलं, आणि कष्टाच्या वेळी शरीर मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतंच. म्हणून संध्याकाळची गडद लघवी हा मोठ्या तुटीचा पुरावा नाही. ती पिवळ्या रंगाची होती म्हणून मी हे म्हणतोय. जोरदार कष्टानंतर लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी तपकिरी झाली तर स्नायू मोडून त्यांतला रंग लघवीत उतरत असू शकतो, मूत्रपिंडं धोक्यात येतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सोबत्यांनी वर आणखी लिटरभर साधं पाणी पाजलं, तेही चुकीचंच होतं. सुदैवाने एवढ्यावर निभावलं. घामातून मीठ जात असताना गरजेपेक्षा जास्त साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जायला लागलं की डोकेदुखी, मळमळ, उलटी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मग गोंधळ आणि झटके. लक्षणं ऊन लागल्यासारखीच, उपाय मात्र उलटा: पाणी बंद करायचं. चार-पाच तासांच्या संथ राइडमध्ये दर दहा मिनिटांना घोट घेणारे, कमी घाम येणारे, वजनाने लहान असलेले लोक यात सापडतात. ओळखायची सोपी खूण वजनाची: राइड संपल्यावर वजन निघतानापेक्षा वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालंय.

तासाला किती

दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, स्वतःचा काढा. घरून निघायच्या आधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. नेहमीच्या उन्हात, नेहमीच्या जोराने बरोबर एक तास चालवा. किती प्यायलात ते मोजून ठेवा, मध्ये लघवी करू नका. परत येऊन अंग पुसून पुन्हा तसंच वजन करा. समजा ७६.० चं ७५.३ झालं आणि मध्ये ६०० मिली प्यायलात, तर घाम ७०० अधिक ६०० म्हणजे १.३ लिटर. वजनकाट्याला निदान १०० ग्रॅमचा फरक दाखवता यायला हवा. एकदा फेब्रुवारीत, एकदा एप्रिलमध्ये, एकदा चढावर असा हा आकडा काढून ठेवा. तिन्ही वेगळे येतील.

आता १.३ लिटर घाम जातो म्हणून १.३ लिटर प्यायचं नाही. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतची तूट बहुतेकांना फारसा त्रास न देता पेलते. ७६ किलोला ती दीड लिटर. म्हणजे दोन तासांच्या पन्हाळा फेरीत २.६ लिटर घाम गेला आणि तुम्ही तासाला ६००-७०० मिली प्यायलात, तर १.२ ते १.४ लिटरची तूट राहते आणि ते चालतं. दर १५ मिनिटांना १५० ते १८० मिली, म्हणजे चार-पाच मोठे घोट. राधानगरी किंवा गगनबावड्याकडच्या पाच-सहा तासांच्या राइडला हेच गणित अपुरं पडतं. तिथं तूट साठत जाते, म्हणून घामाच्या ७०-८० टक्के भरपाई लागते. ती पोटाला झेपत नसेल तर पाणी वाढवायचं नाही, जोर कमी करायचा.

निघताना शरीर कोरडं नसणंही तितकंच महत्त्वाचं. रात्री जेवताना-झोपताना नेहमीपेक्षा ३००-४०० मिली जास्त, सकाळी उठल्याबरोबर ४०० मिली आणि निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास काहीतरी पोटात: दोन केळी, किंवा भाकरीचा तुकडा आणि गूळ, किंवा दोन इडल्या. रिकाम्या पोटी चहावर निघणं ही तुमच्या दिवसाची पहिली चूक. चहाने पाणी उतरतं ही भीती मात्र सोडा; एक-दोन कप चहाने फरक पडत नाही. आदल्या रात्रीच्या मद्याने पडतो, अपुऱ्या झोपेनेही पडतो. जुलाब किंवा ताप येऊन गेल्याला दोन-तीन दिवस झाले नसतील तर उन्हात जायचंच नाही.

मीठ, साखर, ओआरएस

१ लिटर घामात सोडियम माणसागणिक साधारण ५०० ते १५०० मिलिग्रॅम जातं, काहींचं त्याहून जास्त. जर्सीवर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर पांढरे डाग उमटत असतील, डोळ्यांत घाम गेल्यावर फार झोंबत असेल तर तुम्ही जास्त मीठ गमावणाऱ्यांपैकी आहात. तासाभराच्या राइडला साधं पाणी आणि नंतर घरचं जेवण पुरतं. दीड तासाच्या वर, उन्हात, बाटलीत मीठ-साखर हवी.

७५० मिली पाण्यासाठी घरचं प्रमाण: साखर ४० ग्रॅम, मीठ दीड ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस. दीड ग्रॅम मीठ म्हणजे मापाच्या छोट्या चमच्याचा सपाट पाव भाग. स्वयंपाकघरातला चमचा यासाठी धरू नका, तो केवढाही असतो. एकदा बारीक वजनकाट्यावर मोजून घ्या. यात साखर साडेपाच टक्क्यांच्या आत राहते आणि सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या जवळ. साखरेऐवजी आपला गूळ चालतो, तेवढाच, पण विरघळवून फडक्यातून गाळून घ्या आणि त्याच सकाळी करा. गुळाचं पाणी उन्हाळ्यात लवकर आंबतं. सैंधव की साधं मीठ यावर वेळ घालवू नका, दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

ओआरएस हे जुलाबावरचं औषध आहे, त्या कामाला अचूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम पूड असते: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. म्हणजे सोडियम भरपूर, साखर कमी. दोन-तीन तासांच्या राइडला लागणारी तासाला ३०-६० ग्रॅम साखर त्यातून मिळत नाही. ती केळी, चिक्की, खजूर अशा खाण्यातून घ्यावी लागते. ज्यांच्या घामात मीठ जास्त जातं त्यांना लांब राइडमध्ये एखादी बाटली ओआरएसची उपयोगी पडते, आणि ऊन लागल्यावरही. रोज, बसल्याजागी प्यायची गरज नाही. १ लिटरची पुडी १ लिटर पाण्यातच घालायची. ७५० मिलीच्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली की द्रावण तीव्र होतं, तहान वाढते, पोट बिघडतं. औषधाच्या दुकानात पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. खोक्यातली तयार गोड पेयं हे ओआरएस नव्हे.

रक्तदाबाची औषधं, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा नाडी मंदावणाऱ्या गोळ्या, मधुमेहावरच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर उष्णता सहन करायची ताकद कमी होते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर वरचं मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

रस्त्यावर मिळणाऱ्या गोष्टींबद्दल. उसाचा रस सोडायची गरज नाही. आपल्याकडं रसवंती कोसाकोसावर आहे. एक ग्लास रस, तेवढंच स्वतःच्या बाटलीतलं पाणी, दोन चिमूट मीठ आणि लिंबू, एवढं केलं की साखर सहा-सात टक्क्यांवर येते आणि पोटाला चालते. बर्फ मात्र प्यायच्या ग्लासात घालू देऊ नका. तो पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. चव आणि पाणी म्हणून उत्तम, मिठाची भरपाई म्हणून अपुरं, सोबत खारे दाणे खा. ताक आणि कोकम सरबत राइड झाल्यावर, मीठ घालून. चढाच्या पायथ्याशी मिसळ नको, हे वेगळं सांगायला नकोच. खिशात कांदा ठेवल्याने शरीराचं तापमान उतरत नाही. खिशाचा उपयोग मिठाच्या पुडीसाठी करा.

पेटक्यांचं खापर नेहमी मिठावर फोडलं जातं. बरेचदा दमलेला स्नायूच आखडतो. हळूहळू ताणून धरा, जोर कमी करा. मीठ घ्यायला हरकत नाही, पण मीठ खाऊन त्याच जोराने पुढं जायचा विचार नको.

वेळ, जोर आणि ओलं अंग

उन्हाळ्यात कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेपाचला दिवे लावून निघालात तर आठच्या आत पन्हाळा करून उतरायला लागता. तुम्ही सव्वाआठला निघालात, म्हणजे चढ नऊनंतर लागला. साऱ्या उपायांत हा पावणेतीन तासांचा फरक सर्वांत मोठा आहे.

दुसरा उपाय जोराचा. वाघबिळाला पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती आधीच लावून चढाला लागा. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. नाडी मोजत असाल तर नेहमीच्या चढापेक्षा १० ते १५ ठोके खाली ठेवा. ताशी साडेनऊऐवजी आठने चढलात तर १५० वॅटचे सव्वाशे होतात आणि उष्णताही त्याच प्रमाणात उतरते. एवढी कपात कुठल्याही पेयाने साधत नाही. थांबायचं तर सावलीतच, तीन-चार मिनिटं; उघड्या वळणावर थांबल्याने उरलासुरला वाराही जातो.

तिसरा उपाय अंग ओलं करणं. एक बाटली फक्त साध्या पाण्याची ठेवा, ती प्यायला आणि ओतायला दोन्हींना चालते. साखरेचं पाणी अंगावर ओतलं तर चिकटतं. मान, डोकं, हातांच्या कोपराखालचा भाग आणि मांड्या ओल्या करा, चढ सुरू व्हायच्या आधी आणि मध्ये एकदा. पातळ सुती पंचा भिजवून मानेभोवती ठेवला तर बराच वेळ काम देतो. जर्सी फिक्या रंगाची, पातळ, पुढून पूर्ण चेन उघडणारी. पाठीवरची पाण्याची पिशवी चढावर टाळा, पाठीचा घाम वाळत नाही. एक बाटली रात्री पाऊण भरून बर्फ करून ठेवा, सकाळी वर पाणी भरा. दुसरीवर ओला मोजा चढवा. गार पाणी जास्त पिववतं आणि थोडी उष्णताही शोषून घेतं.

शरीराला ऊन अंगवळणी पडायला १० ते १४ दिवस लागतात. रोज तासभर, हलक्या जोराने उन्हात चालवलं तर पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. सुट्टी घेतली की दोन-तीन आठवड्यांत हे बरंचसं जातं. म्हणून मार्चच्या पहिल्या कडक आठवड्यात आणि पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात मे महिन्यापेक्षाही सांभाळायला हवं. अंगवळणी पडल्यावर घाम वाढतो, म्हणजे पाण्याची गरज कमी होत नाही, वाढते.

सोबत्यांनी काय करायचं

आधी बोलतं करायचं. आज वार कोणता, निघालो कुठून, पुढं कुठं जायचंय. उत्तरं नीट आली तर हा थकवा. सावलीत आडवं झोपवा, पाय फूटभर उंच, हेल्मेट-बूट काढा, जर्सी उघडा, पाणी शिंपडून पुठ्ठ्याने, पंचाने, जे असेल त्याने सतत वारा घाला. उलटी थांबली असेल तर खारट-गोड पाणी १०० मिली, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा १००. अर्ध्या तासात चेहऱ्यावर तरतरी यायला हवी. आली नाही, किंवा उलट्या चालूच राहिल्या, तर रुग्णालय. बरं वाटलं तरी त्या दिवशी सायकल संपली. चक्कर येऊन गेलेल्या माणसाने पन्हाळ्याचा उतार सायकलवर उतरणं फार धोक्याचं. वडाप किंवा टेम्पो बघा, सायकल टपावर टाका.

उत्तरं चुकली, माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडून हात झटकू लागला, झिंगल्यासारखा चालला, बेशुद्ध पडला किंवा झटके आले, तर तो उष्माघातच समजा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम थांबल्याशिवाय उष्माघात होत नाही, ही समजूत मनातून काढून टाका. कष्टाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. काखेतला किंवा कपाळावरचा तापमापक अशा वेळी खोटा धीर देतो.

एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. आधी गार करणं, मग नेणं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस सहसा पूर्ण बरा होतो. गाडीची वाट पाहण्यात तो वेळ गेला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं जातात. सर्वांत चांगला उपाय गार पाण्यात मानेपर्यंत बुडवणं. शेतावरचा हौद, जनावरांची पाण्याची टाकी, मोटार चालू असेल तर पाइपाची धार. शेतीपंपाची वीज वेळापत्रकाने येते, तेव्हा मोटारीवरच अवलंबून राहू नका. ताडपत्री मिळाली तर चौघांनी कडा धरून खोळ करायची, माणूस आत, वरून पाणी आणि बर्फ, आणि पाणी हलवत राहायचं. बर्फाची लादी रसवंतीत मिळते. पोत्यात घालून फोडा. डोकं आणि तोंड कायम पाण्याबाहेर, एकाने काखेतून धरलेलंच हवं. विहिरीत किंवा नदीच्या प्रवाहात अर्धवट शुद्धीतल्या माणसाला कधीही उतरवू नका.

बुडवायला काहीच नसेल तर अंगभर सतत पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा, जांघा इथं बर्फ ठेवा. पंधरा-वीस मिनिटं, किंवा तो भानावर येऊन थरथरायला लागेपर्यंत हे थांबवायचं नाही. नंतर गाडीतही खिडक्या उघड्या, ओली फडकी बदलत राहायची. बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंब नको, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल इथं काम करत नाही, कारण हा ताप नाही. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तर मूत्रपिंडांवर जास्तीचा भार टाकतात. डोकं दुखतंय म्हणून त्या तुम्ही त्या संध्याकाळी घेतल्या असतील तर पुढच्या वेळी घेऊ नका.

तुमच्यापुरतं पुढचं. राइडनंतर जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत, खारट जेवणासोबत. निदान दोन दिवस सायकल नाही, ऊन नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे तासभर सपाट रस्त्यावर, नृसिंहवाडीच्या बाजूला, हलक्या जोराने. तिथं नाडी नेहमीपेक्षा १० ठोक्यांनी वर राहिली तर आणखी थांबा. पन्हाळा आठवडाभराने, पहाटे. वय चाळिशीच्या पुढं आहे आणि चढावर मळमळ-अंधारी आली होती, तेव्हा त्याआधी एकदा रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही त्या दिवशी जाणवलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आजच हृदयाच्या डॉक्टरांकडं जा.